मोरेश्वरच्या पिस्तुलावरचा लाल ठिपका

अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हाय गावात कमरेला पिस्तूल लावून कोथिंबिरीच्या जुड्या निवडणारा मराठी माणूस एकच असावा, आणि तो म्हणजे मोरेश्वर आगाशे. पिस्तूल परवान्याचं होतं, शर्टाखाली झाकलेलं होतं आणि रोज बाळगण्यासाठी म्हणून घेतलेलं होतं. आता रोज म्हणजे नेमकं कधी, हा प्रश्न वेगळा. मोरेश्वर सीटबेल्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी इंजिनिअर. कंपनीच्या दारावरच पिस्तुलाच्या चित्रावर लाल काट मारलेली. देवळात चालत नाही. महाराष्ट्र मंडळाचे कार्यक्रम शाळेच्या हॉलमध्ये, तिथे तर नावच काढायला नको. नायगारा कॅनडाच्या बाजूने बघायचा तर घरी ठेवून जा. सगळी वजाबाकी झाल्यावर उरला तो शनिवारचा किराणा आणि गॅस स्टेशन, म्हणजे पेट्रोल पंप. पण तेवढ्यासाठी तरी मोरेश्वर सज्ज होता.

गॅस स्टेशनवरूनच हे सगळं सुरू झालं होतं. तीन वर्षांपूर्वी डेट्रॉइटजवळ एका संध्याकाळी गॅस भरून तो गाडीत बसला, आणि एका उंच माणसाने काचेवर टकटक केलं. शेजारी शरयू, म्हणजे बायको. मोरेश्वरने दारं लॉक केली, हॉर्न दाबून धरला, आणि गाडी रिव्हर्समध्ये टाकून थेट कचऱ्याच्या पेटीवर घातली. तो माणूस काय ओरडतोय ते शेवटी शरयूने काच खाली करून ऐकलं. टाकीचं झाकण उघडं राहिलंय, एवढंच तो बिचारा सांगत होता. गाडीचा बंपर दुरुस्त झाला, मोरेश्वर काही झाला नाही. घरी येईपर्यंत त्याचे हात थरथरत होते आणि शरयूने ते पाहिले होते. तिने पाहिले, हेच त्याला सोसवेना. महिन्याभरात तो परवान्याच्या क्लासला जाऊन बसला.

शरयू हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते. औषधाला एक्स्पायरी डेट असते तशी ती सगळ्यालाच असली पाहिजे, असं तिचं मत. तिने पिस्तुलाला घरात घेतलं ते एका अटीवर. दर वर्षी लक्ष्मीपूजनाच्या आधीच्या शनिवारी ती स्वतः नेमबाजीच्या रेंजवर येणार, कागदावर पोळपाट ठेवून पेन्सिलीने काढलेलं वर्तुळ टांगणार, आणि मोरेश्वरच्या पाचही गोळ्या त्या पोळपाटात लागल्या पाहिजेत. एक जरी बाहेर गेली, तरी दिवाळीच्या साफसफाईत जुन्या चादरींबरोबर पिस्तूलही घराबाहेर. "नेम नसलेल्या माणसाच्या हातात पिस्तूल मला नको," ती म्हणाली होती. पहिली दोन वर्षं मोरेश्वर पास झाला. दुसऱ्या वर्षी एक गोळी पेन्सिलीच्या रेघेवर होती, आणि तिच्यावरून गाडीत घरी येईपर्यंत वाद झाला.

यंदा मात्र उन्हाळ्यातच त्याच्या लक्षात आलं की पिस्तुलाच्या टोकावरची माशी, म्हणजे जिच्यावरून नेम धरतात ती खूण, दिसेनाशी झालीय. चष्मा लावला तर माशी धूसर, काढला तर पोळपाट. चष्म्याचा नंबर कधी तपासला होता ते मोरेश्वरला आठवत नव्हतं. ड्रायव्हिंग लायसन्स तर ऑनलाइन रिन्यू झालं होतं, तेव्हा सरकारच्या मते डोळे उत्तम होते. हल्ली समोरच्या गाड्यांचे दिवे जरा फुटल्यासारखे दिसतात, पण तो या नव्या एलईडी दिव्यांचा दोष, असं त्याने ऑफिसात दोघातिघांना पटवूनही दिलं होतं.

शेजारी राहतो विनय देशकर, मूळचा नागपूरचा. जगात असा विषय नाही, ज्यावर विनयने एखादा व्हिडिओ पाहिलेला नाही.

"अरे भाऊ, रेड डॉट बसव ना त्याच्यावर," विनय म्हणाला. "छोटीशी काच येते. काचेत लाल ठिपका दिसतो. ठिपका जिथे, गोळी तिथे. माशीबिशी काही बघायचीच नाही. दहा मिनिटांचं काम आहे यार!"

विनयची दहा मिनिटं ऑगस्टमध्ये सुरू झाली.

मोरेश्वरने ठिपक्याचं यंत्र मागवलं, घरी आलं, डबा उघडला, आणि मग पिस्तुलाकडे पाहिलं. ते यंत्र बसवायला पिस्तुलावर जागाच नव्हती. बंदुकीच्या दुकानातल्या डेल नावाच्या मिस्तरीने सांगितलं की वरचा सरकणारा लोखंडी भाग, ज्याला स्लाइड म्हणतात, तो ओहायोतल्या एका वर्कशॉपला पाठवून खाचा पाडून घ्यावा लागेल. मोरेश्वरने स्लाइड सुटी केली, पोळ्यांच्या फडक्यात गुंडाळली, डब्यात भरली आणि कुरिअरच्या काउंटरवर जाऊन उभा राहिला.

"आत काय आहे?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

दुसरा कोणी असता तर 'मशीन पार्ट' म्हणून मोकळा झाला असता, आणि ते खोटंही नव्हतं. पण मोरेश्वर शाळेत असल्यापासून विचारलेल्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर देणारा माणूस. "पिस्तुलाचा वरचा भाग," तो म्हणाला. त्या मुलीने काउंटरवरचे दोन्ही हात उचलून घेतले. मॅनेजर आला. कायद्याने पिस्तूल म्हणजे खालचा सांगाडा, हा भाग म्हणजे पिस्तूल नव्हे, असं मोरेश्वरने त्याला समजावलं. कौल म्हणजे काही घर नव्हे, हे उदाहरणही दिलं, पण मिशिगनच्या मॅनेजरने कौल पाहिलेलं नव्हतं. त्याने मोठ्या मॅनेजरला फोन लावला आणि तोवर मोरेश्वरला बाहेर उभं राहायला सांगितलं. नेमक्या तेव्हाच मंडळाच्या पद्मिनीताई तिथे आल्या.

"काय मोरेश्वर, बाहेर का उभा? पासपोर्ट पाठवायला आलास?"

"हो, त्यातलंच," मोरेश्वर म्हणाला, आणि आयुष्यातलं हे पहिलंच खोटं त्याला रात्रभर टोचत राहिलं.

स्लाइड गेली, खाचा पडून आली. मग यंत्र बसवायचे स्क्रू लांब निघाले. ते पिळल्याबरोबर स्लाइड अर्ध्यात अडकली, ना पुढे ना मागे. विनय हातोडी घेऊन आला. "हलकेच ठोकतो ना भाऊ," तो म्हणाला, आणि मोरेश्वरने त्याला चहा देऊन परत पाठवलं. डेलने स्क्रू घासून दिले. मग कळलं की यंत्र बसवलं की पिस्तूल जुन्या म्यानात जाणार नाही. नवं म्यान आलं, ते जाड. त्याला जुना पट्टा पुरेना. रुंद पट्टा आला, तो पँटच्या लूपमधून जाईना. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, हे शरयू म्हणाली नाही. ती फक्त नव्या आणलेल्या, एक साइज मोठ्या पँटी लूप रुंद करायला शिवायच्या टोपलीत टाकत राहिली, आणि दर वेळी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे एक नजर टाकत राहिली.

त्यात एक भलतंच झालं. नवं म्यान शर्टाखालून जरा फुगीर दिसायचं. किराण्याच्या दुकानात पद्मिनीताईंनी ते हेरलं. आठवड्याभरात मंडळात बातमी गेली की मोरेश्वरला हर्निया आहे, आणि तो बिचारा कोणाला सांगत नाही. झाकून बाळगायची वस्तू ती, खुलासा तरी काय करणार? एका काकांनी जवळच्या ट्रॉय गावातल्या सर्जनचा नंबर दिला. एका मावशींनी गव्हाची पिशवी उचलू दिली नाही, ती शरयूने उचलली, आणि दुकानातल्या सगळ्यांनी तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. संरक्षणकर्त्या पुरुषाची एवढी मानहानी मोरेश्वरने कधी सोसली नव्हती.

एवढं सगळं सोसून खंडेनवमीच्या आदल्या दिवशी यंत्र एकदाचं बसलं. डेलच्या दुकानात लख्ख उजेडात ठिपका जरा पसरट दिसला, पण नवीन आहे, बसेल हळूहळू, असं मोरेश्वरने मनाशी म्हटलं. त्यात बसण्यासारखं काय होतं, हे क्वालिटी इंजिनिअरने स्वतःला विचारलं नाही.

खंडेनवमीला आगाश्यांकडे शस्त्रं आणि अवजारं पुजतात. पाटावर मांडणी होती ती अशी: विळी, पक्कड, दोघांचे लॅपटॉप, प्रेशर कुकर, बर्फ उडवायच्या स्नो ब्लोअरची किल्ली, आणि मधोमध रिकामं केलेलं पिस्तूल. पूजा शरयूच करते. नावडती वस्तू म्हणून ती पूजेत हात आखडता घेत नाही. तिने प्रत्येकाला हळद वाहिली, ओल्या बोटाने कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, नमस्कार केला.

संध्याकाळी मोरेश्वरने ठिपका सुरू केला. ठिपका नव्हताच. काचेत फुटलेल्या डाळिंबासारखं काहीतरी लाल विखुरलं होतं. पाच-सात दाणे एकीकडे, एक शेपूट दुसरीकडे. त्याने बारकाईने पाहिलं. काचेच्या कोपऱ्यात, शरयूच्या बोटाच्या आकाराचा कुंकवाचा टिळा होता.

"शरयू! तू काचेवर कुंकू लावलंस?"

"मग कुठे लावायचं? कुकरला झाकणावर लावलं, याला कपाळावर लावलं."

"अगं, ते ऑप्टिकल इन्स्ट्रुमेंट आहे! आत गेलं सगळं! वाट लागली!"

शरयू आत निघून गेली. मोरेश्वर कापूस, अल्कोहोल आणि भिंग घेऊन बसला. कुंकू निघालं. शेवटचा कणसुद्धा निघाला. डाळिंब तसंच राहिलं.

विनयला बोलावलं. त्याने काचेतून पाहिलं आणि म्हणाला, "मस्त गोल आहे की! एकदम क्लीन." विनयला निरीक्षणाची सवय नाही, असा निष्कर्ष मोरेश्वरने काढला. मग यंत्र कंपनीकडे परत पाठवलं. सोबत लांबलचक पत्र लिहिलं आणि त्यात कुंकू म्हणजे काय, ते हळदीपासून कसं करतात आणि आपल्या पत्नीने ते कुठल्या भावनेने लावलं, हे सगळं सविस्तर दिलं. परीक्षेला अडीच आठवडे राहिले होते, त्यातला निम्मा वेळ यात गेला. कंपनीने नवंकोरं यंत्र पाठवलं, सोबत एका ओळीचा निरोप: जुन्यात काहीच दोष सापडला नाही, तरी आपल्या समाधानासाठी बदलून देत आहोत.

नव्यातही डाळिंबच.

मुलगी उर्वी शिकागोत नोकरी करते. तिला त्याने व्हिडिओ कॉलवर सगळं सांगितलं. ती हसली नाही. "बाबा, जस्ट टेक अ पिक्चर," ती म्हणाली. "फोनमध्ये डॉट गोल आला तर डॉट इज फाइन. देन इट्स युअर आइज."

मोरेश्वरने फोटो काढला. ठिपका वाटाण्यासारखा गोल आला. तो बराच वेळ त्या फोटोकडे बघत बसला. मग हल्लीचे फोन फोटो आपोआप सुधारून देतात, हे त्याला आठवलं, आणि त्याचा जीव भांड्यात पडला. उर्वीला त्याने तसं कळवलंही. तिचं उत्तर आलं, "बाबा. प्लीज." त्यावर त्याने अंगठ्याचा इमोजी पाठवला.

पण शरयूला मात्र तो बोलत राहिला. परीक्षा तोंडावर आल्यावर माणसाला कोणीतरी गुन्हेगार लागतो. नव्या यंत्राला कुंकू लागलंच नव्हतं, तरी खाचेत जुनं राहिलं असेल, स्लाइडमध्ये उतरलं असेल. "तुझ्या त्या कुंकवापायी यंदा मी नापास होणार," असं तो एकदा जेवताना म्हणाला. नाचता येईना अंगण वाकडं, हे शरयूच्या ओठांवर आलेलं त्याला स्पष्ट दिसलं. तिने ते उच्चारलं नाही. आमटी वाढली आणि उठून गेली. त्यापेक्षा बोलली असती तर बरं झालं असतं.

शुक्रवारी वसुबारस होती, आणि शनिवारी परीक्षा. अंधार पडायच्या सुमाराला मोरेश्वर गॅरेजमध्ये गेला. मागच्या भिंतीवर, तांदळाच्या गोणीच्या वर, त्याने पोळपाटाचं वर्तुळ चिकटवलं होतं. क्लासमध्ये शिकवल्याप्रमाणे पिस्तूल रिकामं केलं, पुन्हा उघडून पाहिलं, गोळ्या आत कपाटात कुलपात ठेवून आला. मग दिवा मंद केला, कारण मंद उजेडात ठिपका जास्त उठून दिसतो असं विनय म्हणाला होता. हात लांब केले. वर्तुळ दिसत होतं. त्यावर लाल पसारा थरथरत होता. त्यातला कुठला दाणा खरा? डावा धरावा का? डावा धरून त्याने श्वास रोखला.

वर्तुळाच्या शेजारी घरात जायचं दार आहे. ते उघडलं.

कोणीतरी आत आलं आणि लाल पसाऱ्यामागे उभं राहिलं. उंची दिसली, हातात काहीतरी पेटलेलं दिसलं, पण चेहऱ्याच्या जागी नुसतं लाल फुटलेलं होतं. कोण आहे? मोरेश्वरला कळेना. स्वतःच्या घरात, स्वतःच्या दारात, पाच पावलांवर कोण उभं आहे ते त्याला कळेना. आणि त्याच क्षणी आणखी एक गोष्ट त्याला आठवेना: आपण ते रिकामं केलंय की नाही? दोनदा पाहिलं होतं. आठवेना. बोट चापाच्या बाहेर होतं, लोखंडाला चिकटून, पण त्याला ते आपलं वाटेना.

"उंबऱ्यावर पणती ठेवायला आले होते," शरयू म्हणाली.

मोरेश्वरने पिस्तूल जमिनीकडे केलं. बाकावर ठेवलं. उघडून पाहिलं. रिकामं होतं. पुन्हा पाहिलं. तो तांदळाच्या गोणीवर बसला. शरयूने पणती उंबऱ्यावर ठेवली, आणि दार लोटून आत गेली. आत ती कोणाशी तरी फोनवर बोलत होती, ते त्याला अस्पष्ट ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी दोघं रेंजवर गेली. शरयूने कागद टांगला. मोरेश्वर गोळ्या भरायला वाकला आणि तसाच थांबला.

"मी मारणार नाही," तो म्हणाला.

"का? पास होशील. ते नवीन यंत्र आहे ना."

"शरयू, काल दारात तू होतीस. मला दिसलीच नाहीस. कोण आहे तेच कळलं नाही मला." "कुंकवाचा काही दोष नव्हता. डोळेच गेलेत माझे. मला तेव्हाच कळलं होतं, फोटो काढला तेव्हा. खरं तर त्याच्या आधीच."

शरयूने मान हलवली. मग तिने लेनकडे पाहिलं, आणि पंचवीस वर्षं घर चालवलेल्या बाईचा प्रश्न विचारला: "तासाचं भाडं भरून झालंय ना?"

"हो."

"मग वाया कशाला घालवायचं? दे इकडे."

रेंजवरच्या माणसाने तिला उभं कसं राहायचं ते दाखवलं. तिने कानावर आवरण चढवलं, फोडणीत मोहरी कधी तडतडते ते बघावं तशी काचेतून एकाग्र होऊन पाहू लागली, आणि पाच गोळ्या झाडल्या. कागद जवळ आला. पाचही पोळपाटात होत्या. रेंजवरच्या माणसाने टाळ्या वाजवल्या.

"छान गोल दिसतो ठिपका," शरयू आवरण काढत म्हणाली. "माझ्या काही आड आलं नाही कुंकू."

मोरेश्वर हसला, आणि हसता हसता त्याने डोळे पुसले.

रेंजवरून दोघं डेलच्या दुकानात गेली आणि पिस्तूल तिथेच देऊन निघाली. खाचा पाडलेलं, ठिपका लावलेलं, पुजलेलं पिस्तूल डेलने आनंदाने विकत घेतलं. बाहेर संध्याकाळ झाली होती आणि रस्त्यावर दिवे लागायला सुरुवात झाली होती. मोरेश्वर गाडीशी थांबला. खिशातून किल्ली काढली आणि शरयूपुढे धरली. पिस्तूल देताना त्याला एवढं जड गेलं नव्हतं. फ्रीवेवर गाडी चालवायला शरयूला आवडत नाही, पण तिने किल्ली घेतली.

वाटेत गॅस भरायला थांबले. मोरेश्वरने उतरून गॅस भरला आणि परत येऊन बसला. शरयू गाडी सुरू करणार एवढ्यात त्याच्या बाजूच्या काचेवर टकटक झाली. बाहेर कोणीतरी उंच उभं होतं. मोरेश्वरचा हात आपोआप कमरेकडे गेला. तिथे फक्त एक साइज मोठी पँट होती.

शरयूने तिच्या बाजूच्या बटणाने त्याची काच खाली केली.

"सर, युअर गॅस कॅप," तो माणूस म्हणाला. म्हातारा होता, जाड चष्मा होता, हातात कॉफीचा कप होता.

"थँक यू," मोरेश्वर म्हणाला. तो उतरला, मागे जाऊन झाकण लावलं, त्या म्हाताऱ्याशी हस्तांदोलन केलं, आणि काही सुचेना म्हणून 'हॅपी दिवाळी' म्हणाला. म्हाताऱ्यानेही त्याला हॅपी दिवाळी म्हटलं.

"लागलं का नीट?" तो आत बसल्यावर शरयूने विचारलं. "बघितलंस?"

"बघितलं नाही. हाताने चाचपलं."

"बरं केलंस." तिने आरसा स्वतःला हवा तसा वळवून घेतला. "पाडव्याला मी ओवाळीन तेव्हा तू ओवाळणी काय घालायची, ते काल रात्रीच ठरवून टाकलंय मी."

"काय?"

"सकाळी दहा वाजता डोळ्यांच्या डॉक्टरकडे. अपॉइंटमेंट घेतलीय. गाडी मी चालवीन."